लाल बत्ती विझेपर्यंत

वडीगोद्रीत हायवेला लागून गफूरभाईंचा फोटो स्टुडिओ आहे. तिथं कॅमेऱ्याची मेमरी कार्डं मसाल्याच्या डब्यात राहतात. हळदीच्या वाटीत लग्नाचं, जिऱ्याच्या वाटीत बारशाचं. मधल्या वाटीत कोरडे तांदूळ, कार्डांना ओल धरू नये म्हणून. मी रोज तिथं झाडलोट करते. झाडू डब्याजवळ गेला की ते म्हणतात, "ताई, संभाळून. धूळ आत गेली तर नवरदेवाचं तोंड जाईल."

फोटो काढला की कॅमेऱ्यावर लाल बत्ती लुकलुकते. ती विझू द्यायची, कॅमेरा बंद करायचा, वीस आकडे मोजायचे, मगच कार्ड बाहेर काढायचं. आकडे ते मोठ्यानं मोजतात. मध्ये कोणी बोललं की पुन्हा एकपासून.

"चाचा, माझी बस चालली," एकदा एक गिऱ्हाईक कळवळलं.

"बिलकुल जाऊ द्या. दुसरी येती. गेलेला फोटो येत न्हाई. एक, दोन..."

तीर्थपुरीच्या एका लग्नात बॅटरी उतरायला लागली. बत्ती लुकलुकत असताना बॅटरी संपली की फोटो खराब होतात, म्हणून त्यांनी मंगलाष्टकच थांबवलं. "बॅटरी बदलू द्या, मंग टाका अक्षता." अंतरपाट धरून मामांचे हात भरून आले. तेव्हापासून त्यांना लग्नाचं काम कोणी देत नाही. डब्यातल्या बहुतेक वाट्या आता रिकाम्याच असतात.

एक कार्ड मात्र डब्यात नसतं, त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असतं.

त्यांच्या बायकोला, जुबेदाभाभींना, फोटोचा भारी संकोच. साऱ्या गावाचे फोटो घरात धुतले, पण स्वतः कधी कॅमेऱ्यासमोर बसल्या नाहीत. एका ईदला कशाबशा बसल्या. मी तेव्हा फरशी पुसत होते. आधी काढलेल्या पासपोर्ट फोटोचं गिऱ्हाईक बाहेरून ओरडत होतं, जल्दी करा. त्याचा फोटो त्याच कार्डात होता. गफूरभाई तेव्हा आकडे मोजत नसत. त्यांनी बत्ती लुकलुकत असतानाच कार्ड ओढून काढलं.

सगळंच गेलं. गिऱ्हाइकाचा फोटो पुन्हा काढला. भाभी लाजून उठल्या होत्या. म्हणाल्या, "आता पुढच्या ईदला." पुढच्या ईदच्या आधीच त्या वारल्या. जालन्याच्या, संभाजीनगरच्या दुकानदारांनी कार्ड बघून माना हलवल्या.

रोज दुपारी गफूरभाई ते कार्ड कॉम्प्युटरला लावतात. कॉम्प्युटर विचारतो, हे वाचता येत नाही, पुसून नवं करू का? ते 'नाही' दाबतात. मग माझ्याकडे न बघता विचारतात, "ताई, तिची ओढणी कोणत्या रंगाची होती?"

"जांभळी."

खरं तर मला आठवत नाही. पहिल्यांदा विचारलं तेव्हा तोंडातून जांभळी निघालं. आता तेच सांगते.

"बराबर," ते म्हणतात आणि कॉम्प्युटर बंद करून आकडे मोजायला लागतात. मी झाडू थांबवून उभी राहते. वीस होईपर्यंत आवाज करत नाही.