चावीचा स्विच आणि शिवलीलाची पाठवणी

इग्निशन स्विच बदलणं म्हणजे काय हो? चार स्क्रू, एक सॉकेट आणि थोडी अक्कल! स्क्रू आणि सॉकेट गाडीत होते. अक्कल माझ्याकडे आहे, असं मला त्या रविवारी सकाळपर्यंत वाटत होतं.

बाळंतपणाला आलेली आमची शिवलीला त्या दिवशी लेकीला घेऊन मंगळवेढ्याला सासरी निघणार होती. जावई न्यायला येतो म्हणत होते. मी फोनवरच ठणकावलं, "अजिबात यायचं नाही! पोरीला आणि नातीला मीच आणून सोडणार!" नात गेल्यावर घर खायला उठणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. मंगळवेढ्यापर्यंतचा रस्ता तेवढा माझ्या हक्काचा होता.

फक्त आमच्या जुन्या गाडीची चावी अडायची. हलवून हलवून हात दुखला की मग स्टार्टर फिरायचा.

"गॅरेजला टाका की!" बायको म्हणाली. धनलक्ष्मी तिचं नाव.

"गॅरेज कशाला? मोबाइलवर सगळं दाखवतात!"

नवा स्विच आणला आणि नाश्ता करून मी स्टिअरिंगखाली उताणा घुसलो. मोबाइलवरचा माणूस हसत हसत काम करत होता. माझे स्क्रू सीटखाली गेले, कव्हराचा कान तुटला आणि बॅटरी जोडल्याबरोबर हॉर्न जो सुरू झाला तो थांबेचना! आत नातीनं भोकाड पसरलं. मी धावत जाऊन बॅटरीची वायर उपटली, तोवर अख्खी गल्ली जमली होती.

"झालं का हो?" आतून धनलक्ष्मी ओरडली.

एवढ्या लोकांदेखत नाही कसं म्हणू?

"झालं झालं! निघायचंच आता!"

माझ्या शब्दावर तिनं शिवलीलाची ओटी भरली, बाळाला तीट लावली आणि दोघींना उंबऱ्याबाहेर काढलं. मी बघतो तर लेक बाळाला घेऊन पायरीवर उभी, आणि स्विच माझ्या हातात!

"अगं, जरा वेळ आहे. आत बस."

"आत कशी येऊ, बाबा? ओटी भरली की!"

आमच्यात ओटी भरून उंबरा ओलांडलेली लेक माघारी घरात येत नाही. धनलक्ष्मीनं माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा स्टिअरिंगखाली गेलो.

सोलापूरचं ऊन! समोरच्या मेहनाजभाभींनी बाळाला उचललंच. "चल बेटी, आमच्याकडं बस. पप्पांचं होऊ दे." म्हणजे माहेरच्या शेवटच्या दिवशी माझी लेक शेजाऱ्यांकडे जेवली. धनलक्ष्मी भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन रस्ता ओलांडत राहिली. नातीला मांडीवर घेऊन बसायचं सोडून मी दिवसभर वायरी हुंगत होतो. लई चुकलं माझं.

उन्हं कलली आणि इंजिन सुरू झालं! लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी ऐटीत चावी बंद केली. इंजिन चालूच! चावी काढून खिशात टाकली. तरी चालूच! वर स्टिअरिंग लॉक झालं आणि परत घातलेली चावी काही केल्या फिरेना.

कोपऱ्यावरचे नागप्पा म्हणाले, "लई भारी! आता चोराला चावीबी लागायची न्हाय."

मेहनाजभाभींचे मालक आरिफभाई आपली गाडी काढून आले. "बसूभाई, दिवेलागणीच्या आत बाळ पोचलं पाहिजे. मी सोडतो. तुम्ही पण चला."

"आणि हे चालू इंजिन कुणाच्या भरवशावर सोडू?"

शिवलीला बाळाला घेऊन त्यांच्या गाडीत बसली, खिडकीतून माझ्याकडे बघत होती. तिचा चेहरा बघवेना, म्हणून मी मोठ्या आवाजात सांगितलं, "तुम्ही व्हा पुढं! मी मागनं आलोच!"

गाडी वळणाआड गेली. मी चालू इंजिनाच्या बोनेटला टेकून उभा.

"गिअर टाकून क्लच सोडा की," धनलक्ष्मी म्हणाली. "मला गाडी शिकवताना तुम्हीच ओरडायचा ना, क्लच सोडलास की बंद पडते म्हणून!"

हँडब्रेक ओढून, गिअर टाकून क्लच सोडला. एक गचका बसला आणि गाडी बंद! हे पाच मिनिटं आधी सुचलं असतं तर मी आरिफभाईंच्या शेजारी बसलो असतो. नातीला मांडीवर घेऊन.

रात्री आरिफभाई परतले. त्यांनी नारळ आणि टॉवेल-टोपी माझ्या हातात ठेवली. "व्याह्यांनी पोरीच्या बापासाठी काढून ठेवलेलं. मलाच देत होते. मी म्हटलं, ज्याचं त्याला पोचवतो."

"एवढा उशीर का झाला?"

"तुमची पोर जोरात जाऊ देईल तर ना! सारखं आपलं, काका, हळू घ्या, बाबा मागनं येतायत. गावाजवळ तर गाडी बाजूला घ्यायला लावली. बराच वेळ मागं बघत बसली होती."

मी मागनं आलोच, असं मी आपलं नुसतं तोंडानं म्हटलं होतं हो!