हवालदाराचे शेंदरी पत्रे

सहा काळे पत्रे. दोन शेर शेंदूर. कढवलेलं जवसाचं तेल. बसऱ्याची खारी हवा. धोंडुबाईच्या नातवाचा ताप.

सन सेहेचाळीसची दिवाळी उलटली होती. कडेगावजवळच्या मळ्यात, पलटणीतून परतलेल्या नाथाजी हवालदाराच्या गुऱ्हाळावर अजून छप्पर नव्हतं आणि सोमवारी चुलाण पेटायचं होतं. जस्त चढवलेला पत्रा कुठं मिळेना, म्हणून त्यानं बिनजस्ताचा काळाच आणला. गाव हसलं.

"वरनं पाऊस, खालनं काहिलीची वाफ," केरबा सुतार म्हणाला. "दोन वर्सांत चाळण हुतीया बगा, हवालदार!"

"आरं, लोखंडाला हवा-पाणी भेटलं तरच गंज. दोन्ही अंगांनी शेंदूर-तेलाचा माजा हात बसला, की गंज शिरंल कुठनं? लढाईत बसऱ्याच्या खाऱ्या हवेत बोटी राखल्यात आमी, गड्या!" नाथाजीनं मिशीला पीळ भरला.

शेंदूर लागलेले पत्रे लिंबाला टेकवून वाळत ठेवले. दुसऱ्या सकाळी नाथाजी बघतो तो त्यांच्यापुढं नारळ, उदबत्ती, हळदकुंकू आणि हात जोडून शेजारची म्हातारी धोंडुबाई.

"धोंडुमावशी, ह्ये काय?"

"काल ह्येला नवस बोलले, आज नातवाचा ताप उतरला."

"आवं, त्यो पत्रा हाय!"

"आन् म्हसोबा दुसरं काय हाय रं? धोंडाच की!"

दुपारी रांग लागली. रविवारी केरबा हातोडा घेऊन आला तो चपला काढून उभाच राहिला.

"द्येवाला खिळा? माज्यानं न्हाई हुयाचं."

नाथाजीला घाम फुटला. उद्या चुलाण! उघड्यावर काहील चढली तर हवालदारकी गेलीच म्हणायची. मग तो एकदम ताठ झाला.

"खिळा नको तर नको. पर द्येव काय भुईवर ठिवायचा? त्येची जागा उंचावर!"

गावानं हलगी लावली. पत्रे वाजतगाजत छपरावर चढले. वरून तारा ओढून ते वाशांना आवळले. एकालाही भोक पडलं नाही.

दोन पावसाळे गेले. गावातले जस्ताचे पत्रेसुद्धा खिळ्यांपाशी तांबूस झाले. हवालदाराचे सहाही जसेच्या तसे.

केरबा गुळाचा खडा चघळत वर बघत म्हणाला, "मानलं तुमास्नी. खिळा न मारायचं बी पलटणीतच शिकलाव?"

"मग! उगं लढाई जिंकली व्हय?"

पत्र्यांना शेंदूर नाथाजीच्या बायकोनं, अंबूबाईनं लावला होता. त्या दिवशी तो सांगलीला कुस्त्या बघायला गेला होता.