सतरा विहिरींचे ॲप महादुकानी दाखल जाहले ती हकीकत

श्री वरुणदेवता साक्ष. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, पौष वद्य तृतीयेस राज्यात जे होते ते ऐसे: विहिरी सतरा, पैकी धड काठाच्या सोळा, दोर एक, लांबी वीस मीटर, दर मीटरास लाल चिंधीची गाठ, दोर धरणारे हात दोन, पैकी उजवा खांद्यातून दुखरा, संगणक एक, फोन तीन, पैकी एकाची काच तडकलेली, आणि ॲप एक, तयार, परंतु बिनपरवाना.

राज्याची रीत ऐसी की दर पौर्णिमेस विहिरींचे पाणी काठापासून किती खाली गेले ते मोजावे आणि त्यावरून पुढील महिन्याचे पाणीवाटप ठरावे. मोजणी गजराआत्यांकडे, वय अडुसष्ट. दोरास दगड बांधून खाली सोडीत, आणि दगड पाण्यास टेकला की त्यांच्या बोटांस कळे, आणि हा हुन्नर दुसऱ्या कोणास साधला नाही. परंतु गेल्या पौर्णिमेस सातव्या विहिरीवर, जेथे काठ ढासळला आहे, वाकल्या असता पाय सरकला, आणि उंबराची मुळी हाती आली म्हणोन वाचल्या, आणि खांदा तेव्हापासून गेला. मग त्यांची भाची मुक्ताबाई, पदार्थविज्ञान शिकून आलेल्या, यांनी मनी धरिले की आत्याबाईंनी त्या काठी पुन्हा वाकू नये, आणि तीन दिवस खपून ॲप रचिले. हात लांब करून दगड सोडावा, सोडताच पडद्यास बोट लावावे, आणि पाण्यात डुबुक वाजले ते फोनाने ऐकावे, आणि मधल्या वेळावरून खोली सांगावी. दोर नाही, वाकणे नाही, कोणासही जमावे. परंतु फसव्या लिंकांचा उपद्रव राज्यास पूर्वी होऊन गेला होता, सबब पाणीसमितीच्या बायांनी ठराव केला होता की महादुकानाने तपासले नाही ते ॲप फोनात घालू नये आणि त्याचा आकडा वहीत चढवू नये. महादुकान म्हणजे जेथून जगाच्या फोनांत ॲपे जातात ती पेठ. तेथे परीक्षक बसतात. त्यांस नाव नाही, मुख नाही, केवळ खलिते येतात.

मग मुक्ताबाईंनी ॲप रवाना केले आणि अर्जाचे बेचाळीस रकाने श्रीपतरावांनी भरिले, जे त्यांचे सहकारी, आणि वाट पाहिली. सहाव्या दिवशी खलिता आला की, "आम्ही ॲप उघडून दोन मिनिटे थांबलो. 'ऐकत आहे' याखेरीज काही घडले नाही. ॲप अडकते. नामंजूर."

श्रीपतराव म्हणाले, "दगड टाकला का यांनी?"

"दगड टाका असे आपण लिहिले कुठे?" मुक्ताबाई बोलिल्या, आणि लिहिले, आणि पुन्हा रवाना केले. मग सात दिवसांनी दुसरा खलिता, की ॲपास कान कशास पाहिजे आणि ऐकलेले कोठे साठविता. मुक्ताबाईंनी उत्तर लिहिले की डुबुक ऐकतो आणि विसरतो, साठवीत काही नाही, आणि तेच सहा ठिकाणी लिहावे लागले, कारण रकाने सहा होते. आणि पुन्हा वाट पाहिली. गजराआत्या दोर उन्हात घालीत होत्या, त्या म्हणाल्या, "तिसऱ्यांदा पाठवलंस? अगं, लग्नाच्या पोरीलासुद्धा इतक्यांदा दाखवत नाहीत."

माघ शुद्ध दशमीस तिसरा खलिता आला की, "आम्ही दगड टाकला. ॲपाने खोली सत्तर सेंटिमीटर सांगितली. आमच्या कचेरीत विहीर नाही. ॲप खोटी माहिती देते. नामंजूर."

पौर्णिमेस पाच दिवस उरले. श्रीपतराव डोके धरून बसले आणि मग हळूच म्हणाले, "परीक्षकांपुरता एक ठरलेला आकडा घालू. दगड टाकोत न टाकोत, बारा मीटर दाखवायचे. मंजूर झाले की काढून टाकू."

मुक्ताबाई बहुत थकल्या होत्या. म्हणाल्या, "आणि काढायचे राहिले तर? मग सातवीवरही बाराच."

"नाहीतर आत्या जातील तिथे. दोर बघा, वाळत घातलाय."

गजराआत्या ऐकत होत्या, त्यांनी पुसले, "दगड सोडला कुठून त्यांनी?"

"मेजावरून असेल, आत्या."

"मग मेज मोजायला सांग की! एवढी शिकलीस."

मग मुक्ताबाईंनी एकच ओळ लिहिली: कृपा करून मेज मोजावे. तिसऱ्या दिवशी खलिता आला, आणि प्रथमच त्यात नामंजूर हा शब्द नव्हता: "मेज चौऱ्याहत्तर भरले. चार सेंटिमीटर कमी का?" मुक्ताबाईंनी लिहिले की बोट दगडामागे सेकंदाचा शंभरावा भाग राहिले असावे; अकरा मीटरांवर हीच चूक पंधरा सेंटिमीटर होते, म्हणोन दर विहिरीस तीन दगड टाकून सरासरी घेतो, तरी चूक पुरती जात नाही, आणि ते पडद्यावर लिहिले आहे. आणि वाट पाहिली. चतुर्दशीस काही आले नाही. पौर्णिमेस सकाळी गजराआत्यांनी दोर खांद्यावर घेतला, डाव्या, आणि चपला घातल्या, आणि मुक्ताबाई आणि समितीच्या बाया पाठोपाठ निघाल्या. सहाव्या विहिरीवर दोर सोडणार तोच फोन वाजला. खलिता एका शब्दाचा होता. मंजूर.

समितीच्या बायांनी तेथेच उभ्या राहून ॲप उतरविले. मग ज्या पाच विहिरी दोराने झाल्या होत्या त्यांवरही दगड टाकून ताळा पाहिला, आणि पुढे चालल्या. सातवीस गजराआत्या उंबराखाली बसल्या आणि म्हणाल्या, "तीन-तीन दगड? एकावर भरवसा नाही होय?"

"नाही, आत्या."

"शहाणी आहेस," आत्या म्हणाल्या, आणि दगड निवडून देऊ लागल्या.

येणेप्रमाणे मोजणी जाहली. खलिते पाच, दिवस सत्तावीस. विहिरी सतरा, मोजल्या सतरा. दोराने पाच, दगडाने सतरा. पाचांत मोठा फरक अठरा सेंटिमीटर. सातवीचे पाणी काठापासून अकरा मीटर चाळीस, चूक वीस सेंटिमीटर इकडे तिकडे. तेथे दोर कोरडा.