मामांच्या हातात माउस

घरबसल्या ऑफिसचा कॉम्प्युटर चालवणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ! असं मी साहेबांना छातीठोकपणे सांगून आलो होतो. ब्राउझर उघडायचा, पासवर्ड टाकायचा, की ऑफिसातला पडदा आपल्या टेबलावर. काही बसवायला नको, कुणाचे पाय धरायला नकोत.

मी पाण्याच्या नळवाहिन्यांचे नकाशे काढतो. त्याचं सॉफ्टवेअर ऑफिसच्या कॉम्प्युटरवर आणि माझे वडील घरच्या पलंगावर. दोघांनाही हलवता येत नाही. पाच आठवड्यांपूर्वी बाबांची उजवी बाजू लुळी पडली, बोलणंही गेलं. समजतं मात्र सगळं. दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर पाठीला जखमा होतील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बायकोची शाळा, माझ्या रजा संपलेल्या. साहेबांनी तीन दिवस दिले. "जमलं तर घरून करा. नाही जमलं तर सोमवारी खुर्चीत दिसा." मी खुर्चीत दिसलो तर बाबांना कोण वळवणार?

पहिल्याच दिवशी कळलं, की नकाशे काढणाऱ्याचा हात मिनिटामिनिटाला एस्केपवर पडतो, आणि ब्राउझरला एस्केप म्हणजे 'पडदा लहान करा' एवढंच कळतं. मोठा करावा, एस्केप दाबावं, की लहान! पुन्हा मोठा, पुन्हा लहान! शेवटी लहान पडद्यावरच भागवायचं ठरवलं. तर आतली खिडकी मिटायला कंट्रोल-डब्ल्यू दाबलं आणि अख्खं ऑफिसच गायब! पुन्हा आत शिरायचं तर तिकडे कुणीतरी 'परवानगी द्या' हे बटण दाबायला हवं.

ते कुणीतरी म्हणजे आमचे शिपाईमामा. तीस वर्षांची नोकरी. सांगितलेलं काम तंतोतंत करतात, का म्हणून विचारत नाहीत.

"मामा, बटण दाबा."

"दाबलं."

दहा मिनिटांनी पुन्हा, "मामा, जरा..."

"दाबलं, भाऊ. आता मी इथंच बसतो. ये-जा करून गुडघे दुखतात."

दुसऱ्या दिवशी माउसने दगा दिला. मी रेघ ओढायचो, ती तीन सेकंद विचार करायची आणि भलतीकडेच पडायची. ब्राउझर बदलून पाहिला, चित्राचा दर्जा उतरवून पाहिला, वायफायच्या डब्याला पलंगाशेजारी आणून बसवलं. डबा आणि बाबा, दोघंही माझ्याकडे सारख्याच चेहऱ्याने बघत होते. अखेर मामाच म्हणाले, "भाऊ, तुम्ही सांगा, मी ओढतो."

झालं! फोन स्पीकरवर टाकला. "मामा, थोडं वर. अजून. बास." डोकं माझं, हात मामांचा. संध्याकाळपर्यंत नकाशा तयार! साहेबांना मात्र मी एवढंच कळवलं, की मामा फक्त बटणापुरते बसतात.

तिसऱ्या दिवशी पाणीखात्याच्या इंजिनिअरबाई नकाशा बघायला येणार होत्या. माझा ऑफिसातला कॉम्प्युटर उचलून तिथल्या मीटिंगच्या हॉलमध्ये नेला, मोठ्या पडद्याला जोडला. त्याच्या मागोमाग मामाही गेले आणि मामांबरोबर फोन. अकराच्या सुमारास साहेब म्हणाले, "मुख्य वाहिनी दाखवा." मामांनी ती रेघ पकडली, आणि तेवढ्यात माझ्या मागे धप्पकन आवाज झाला.

बाबांच्या अंगावरची चादर आणि उशी खाली पडली होती. ते स्वतः पलंगाच्या अगदी काठावर आले होते. मी धावलो. फोन टेबलावर तसाच चालू.

"घाबरू नका, मी आहे! जरा उजवीकडे सरका. अजून. अजून थोडं. हां, आता वळा. पूर्ण वळा, भिंतीला टेका. छान! दुखतंय का कुठे?"

"नाही," खणखणीत उत्तर आलं.

पाच आठवडे याच एका आवाजासाठी मी कानात प्राण आणून बसलो होतो!

"बाबा! तुम्ही बोललात? पुन्हा बोला ना! एकदाच बोला!"

बाबांचे ओठ मिटलेलेच होते. ते टेबलावरच्या फोनकडे पाहत होते.

"मी बोललो, भाऊ," फोनमधून मामा म्हणाले. "गुडघ्यांचं विचारलंत ना? आज नाही दुखत."

मी मटकन पलंगावर बसलो. मला रडू आवरेना, आणि ते सगळ्या हॉलने ऐकलं.

"अहो, काय चाललंय काय?" साहेब कडाडले. "वाहिनी शाळेत शिरली! तिसरीच्या वर्गात भिंतीला टेकून उभी आहे!"

मी डोळे पुसून पडद्याकडे पाहिलं. "नाही साहेब! रेघ जागची हललेली नाही. माझ्या समोर आहे!"

"तुमच्या समोरचं घड्याळ बघा."

पडद्याच्या कोपऱ्यात दहा वाजून बारा मिनिटं झाली होती. हातातल्या घड्याळात अकरा वाजले होते. पाऊण तास मी गोठलेल्या चित्राकडे बघून हुकूम सोडत होतो! संपलं सगळं, मी मनात म्हटलं. सोमवारी खुर्ची.

मग इंजिनिअरबाईंचा आवाज आला. "रेघ मागे घेता येते. वडिलांना आधी नीट झोपवा. दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी ठेवलीत?"

"नाही."

"ठेवा. आईचं मी दोन वर्षं केलंय. आणि मामा, आता तुम्ही काही हलवू नका!"

मी उशी ठेवली. नंतर मामांनी वाहिनी शाळेतून बाहेर काढली आणि नकाशा पास झाला. साहेब घसा खाकरून म्हणाले, "घरूनच करा. पण त्या ब्राउझरचं पुन्हा नाव काढू नका. तुम्ही फोनवर, मामा माउसवर." मी फोनलाच हात जोडले.

एक वाजला. कूस बदलायची वेळ. डाव्या हाताने पलंगाची दांडी धरा, थोडं स्वतः वळा, म्हणून मी पाच आठवडे बाबांच्या विनवण्या करत होतो. ते डोळे मिटून घेत. आताही मिटले. तेवढ्यात अजून न कापलेल्या फोनवरून, दोन दिवस हे सगळं ऐकत आलेले मामा संथपणे म्हणाले,

"बाबा, दोन तास झाले. दांडी धरा. डावीकडे वळा."

बाबांनी डोळे उघडले. दांडी धरली. दात-ओठ खाऊन, इंच इंच करत, ते स्वतः वळले!

"झालं का?" मामांनी विचारलं.

"झालं, मामा," मी म्हणालो.

तीन दिवस झगडून मला इथून एक रेघ सरळ ओढता आली नव्हती, आणि मामांनी तिथे बसून माझ्या बापाला वळवलं! मी गुपचूप उशी सारखी केली आणि विचारलं, "मामा, तीन वाजता आहात ना?"