पारा कुणाच्या बापाचा न्हाई

तुमच्या गावच्या कॉलेजवर सौर पॅनल बसले असतील, तर ते नेमके कुणाच्या डोक्यावर बसले आहेत, हे तुम्ही कधी पाहिलं आहे का?

हा प्रश्न माझा. दगडूनाना प्रश्न विचारायच्या भानगडीत पडत नाहीत, ते थेट आकडा सांगतात. तुम्ही त्यांना नमस्कार करा. ते शर्टाच्या खिशातून प्रयोगशाळेतला थर्मामीटर काढतील, डोळे बारीक करतील आणि म्हणतील, “एक्केचाळीस. सावलीत.” पँटच्या खिशात कांदा असतो, ऊन लागू नये म्हणून. एक खिसा सायन्सचा, एक घरचा, असा त्यांचा हिशेब.

नाना आमच्या कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर आहेत. मी तिथंच तासिका तत्त्वावर मराठी शिकवतो. कॉलेज नगर जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्यात, हायवेला लागून. नाव सांगत नाही. सांगितलं तर बाकीच्या कॉलेजांना सुटल्यासारखं वाटेल.

नानांची उन्हाची भीती हा स्टाफरूमचा हक्काचा विनोद होता. फेब्रुवारीतच ते पाण्याच्या टाकीला तळहात लावून मान हलवायचे. कुणी मे महिन्यातल्या लग्नाची पत्रिका दिली की त्यालाच झापायचे, “वऱ्हाड मारायला काढलंय तुमी.” प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावलं तर आधी तिथल्या एसीचं तापमान मोजून मोठ्यानं सांगायचे. एकदा प्राचार्य चिडले. नाना शांतपणे म्हणाले, “माझ्यावर चिडून काय उपेग, पारा कुणाच्या बापाचा न्हाई.”

मीही हसायचो. मग मला हरित समितीचा सचिव केलं आणि माझं हसू कमी कमी होत गेलं.

विद्यापीठाचं परिपत्रक आलं होतं. प्रत्येक कॉलेजनं हरित समिती नेमावी, वीज कुठं किती जळते ते तपासावं, छतावर सौर पॅनल लावावेत. मूल्यांकनात त्याचे गुण मिळतील. धोरण चांगलं होतं. आजही मी त्याच्या बाजूनं भांडेन. पण आमच्याकडं धोरण गेटमधून आत येतं आणि ऑफिसच्या पायरीवरच बसकण मारतं.

आवारात उत्तरेला ऑफिसची सिमेंटची इमारत, दक्षिणेला पत्र्याची लांबलचक शेड. परीक्षा होतात त्या शेडमध्ये. पॅनल कुठं लावायचे यावर बैठक चालली होती आणि नाना चहा घेऊन आले. त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला, थर्मामीटर काढला आणि शेडमधला दुपारचा आकडा सांगितला. पंचेचाळीस. पॅनल पत्र्यावर टाका, त्यांची सावली पत्र्यावर पडेल, खाली बसणाऱ्याला जरा तरी श्वास घेता येईल, असं त्यांचं म्हणणं. पॅनलवाला म्हणाला, सांगाडा मजबूत केला तर जमेल.

संस्थेच्या अध्यक्षांना ते पटलं नाही. एवढं शुभकार्य, ते दक्षिणेला कसं करायचं? दक्षिण ही यमाची दिशा. शिवाय ऑफिसवर लावले तर तपासणीला येणाऱ्या पाहुण्यांना गेटातूनच दिसतील.

नाना कपबशा गोळा करत होते. माझ्या ऐकण्यात त्यांनी पहिल्यांदाच प्रश्न विचारला.

“यमाची दिशा हाय, तर पोरं का बसवली तिकडं?”

उपप्राचार्यांनी बिस्किटांचा पुडा फोडला. विषय संपला. पॅनल ऑफिसवर लागले, फोटो निघाले. अहवालात ‘विद्यार्थ्यांसाठी शीतल व प्रसन्न वातावरण’ अशी एक ओळ आहे. ती मी लिहिली. प्राचार्यांच्या एसी केबिनमध्ये बसून.

मे महिन्यात परीक्षा सुरू झाली आणि पहिल्याच पेपरला शेडमध्ये गोंधळ उडाला. बाकांवरचे नंबर सगळे उलटेसुलटे. एकशे बाराच्या शेजारी चाळीस, त्याच्या मागं एकशे सत्तर. मुलं आपापला बाक शोधत फिरत होती आणि पर्यवेक्षक घंटेकडं बघत होते. नंबर चिकटवायचं काम नानांचं. म्हातारा चळला, असं सगळ्यांचं एकमत झालं. नानांना मेमो मिळाला. दोन दिवसांत लेखी खुलासा द्या.

खुलासा लिहून द्यायला मी त्यांना शोधत शेडमध्ये गेलो. दुपारचे दोन वाजले होते. नाना तिसऱ्या रांगेतल्या एका बाकावर एकटेच बसले होते, परीक्षार्थीसारखे ताठ. सदरा पाठीला चिकटलेला. मी शेजारी बसलो आणि पाच मिनिटांत माझ्या कानांत गुणगुण सुरू झाली. वर पत्रा तडतडत होता. मला पळून जावंसं वाटलं, खरंच सांगतो.

एप्रिलभर ते असेच रोज दुपारी येऊन बसत होते. रोज वेगळ्या रांगेतला एक बाक, पेपरचे पुरते तीन तास. कुठला बाक भाजतो, कुठल्या बाकाला खिडकीबाहेरच्या कडुलिंबाची सावली पोचते, हे त्यांना पाठ झालं होतं. पहाटेच्या एसटीनं उपाशी येणाऱ्या पोरी, रक्त कमी असलेल्या, तापातून उठलेल्या, अशा त्यांनी निवडल्या आणि त्यांचे नंबर लिंबाच्या बाजूला चिकटवले. दुपारी घरी का जात नाही, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, “घरी कोन हाय? हितं निदान पोरं येनार असत्यात.”

मग त्यांनी कारण सांगितलं. तीन उन्हाळ्यांपूर्वी खर्ड्याकडची एक मुलगी याच बाकावर दुसऱ्या तासाला कोसळली. नानांनी तिला तिच्याच उत्तरपत्रिकेनं वारा घातला. ती शुद्धीवर आली, पण पेपर राहिला. घरच्यांनी ठरवलं की कॉलेज तिच्या तब्येतीला झेपत नाही, आणि महिन्याभरात तिचं लग्न उरकलं.

“मेली न्हाई, सर. तेवडं बरं झालं. पन परत आली न्हाई. नाव इचारायचं ऱ्हायलं. नंबर तेवडा ध्यानात हाय.”

हे सगळं मी खुलाशात लिहिलं. प्राचार्यांनी वाचलं, सही केली आणि नंबर ओळीनं लावायचा आदेश दिला. नियम म्हणजे नियम.

उद्या दुपारी इंग्रजीचा पेपर आहे. लिंबाखालच्या पोरी आता पुन्हा पत्र्याच्या मध्यावर आल्या आहेत. नानांनी भिजवलेले पंचे भरून बादली तयार ठेवली आहे. मी पर्यवेक्षक आहे आणि मला भीती वाटते आहे.

म्हणून तुमच्याकडं एक मागणं आहे. आजच साध्या कागदावर तुमच्या कॉलेजच्या प्राचार्यांना अर्ज लिहा. उन्हाळ्यातले पेपर सकाळी सातला घ्या, आणि पुढचे पॅनल जिथं मुलं बसतात त्या छपरावर टाका. एवढ्या दोनच ओळी पुरतात. शेजारच्या दोन पालकांच्या सह्या घ्या, अर्ज स्वतः नेऊन द्या, आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.