पला ले पला

एका जंगलात सर्जेराव नावाचा वानर राहत होता. मुलांनो, हे नाव तुम्ही आत्ता मनातल्या मनात अगदी स्वच्छ म्हटलंत. त्याला स्वतःला मात्र ते जन्मात कधी नीट म्हणता आलं नाही. कुणी नाव विचारलं की तो म्हणे, "थल्जेलाव."

त्याच्या तोंडात शिरलेले र आणि ळ बाहेर पडताना ल होऊन पडत. स आणि श आत जात, ते थ होऊन येत. बाकी सगळं ठीक होतं. दात मजबूत होते, शेपूट लांब होतं, आणि नजर अशी की पलीकडच्या टेकडीवरचं गवत वाऱ्यानं हललं की आणखी कशानं, ते तो इथून सांगे.

म्हणूनच तो जंगलाचा राखणदार होता. पाणवठ्याशेजारच्या उंच सावरीच्या झाडावर बसायचं आणि वाघ दिसला की ओरडायचं.

"पला ले पला! वाघ आला!"

की चितळं पळत, रानडुकरं पळत, आणि वाघ हात हलवत परत जाई. नऊ वर्षांत एकाही जनावरानं थांबून 'पला म्हणजे काय हो?' असं विचारलं नव्हतं.

तरी सर्जेरावाला आपल्या जिभेची लाज वाटे. अनोळखी कळपात गेला की तो आपलं नाव 'बाबू' सांगे. सरड्याला 'तो मान हलवणाला' म्हणे आणि त्यातही एक अक्षर चुके. फक्त बायकोशी तो मोकळेपणानं बोले. तिचं नाव पारू. तो तिला 'पालू' म्हणे, आणि तिला ते आवडे.

मग एक दिवस शहरातून मंजुळाबाई मैना आल्या.

बाई वक्तृत्व शिकवणाऱ्या एका मास्तरांच्या गॅलरीत सात वर्षं पिंजऱ्यात होत्या. एकदा पिंजऱ्याचं दार उघडं राहिलं आणि बाई मास्तरांचं सगळं व्याकरण घेऊन उडाल्या. जंगलात त्यांनी पहिला शब्द ऐकला तो 'पला ले पला'. सगळी जनावरं पळाली. बाई जागच्या हलल्या नाहीत.

"ळ!" त्या किंचाळल्या. "अहो, ळ कुठे गेला?"

वाघसुद्धा क्षणभर थांबून इकडेतिकडे बघू लागला म्हणतात.

दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावरच्या वडाला पाटी लागली : 'येथे उच्चार शुद्ध करून मिळतील.' जंगलाचा पंच होता अप्पा गवा. त्याला बोलावून बाई म्हणाल्या, "अप्पा, ज्या जंगलाचा राखणदार बोबडा, त्या जंगलाची काय शोभा? बाहेरचं कुणी ऐकलं तर काय म्हणेल?"

अप्पा स्वतः पाण्याला 'पानी' म्हणत असे. त्यामुळे त्यानं सगळ्यांत जोरात मान हलवली. ठराव झाला : सर्जेरावानं पावसाळ्यापर्यंत जीभ सुधारावी, नाहीतर सावरीवरून उतरावं.

सर्जेराव शिकवणीला जाऊ लागला. बाईंनी त्याच्या जिभेखाली जांभळाची बी ठेवली आणि म्हणायला सांगितलं, "सरळ सुळक्यावर सारस सरसर सरकला."

सर्जेरावानं डोळे मिटले आणि म्हटलं, "थलल थुलक्यावल थालथ थलथल थलकला."

वर्ग हसून लोळला. ज्या रानडुकराला आयुष्यात एकदाही 'आणि' म्हणता आलं नव्हतं, ते सगळ्यांत जास्त लोळलं.

"यातला क बरा होता," बाई म्हणाल्या. त्या मनानं वाईट नव्हत्या, मुलांनो. नुसत्या शिक्षिका होत्या.

सर्जेराव दिवसभर सराव करी. जीभ सोलवटून निघाली. तीन महिन्यांनी एका संध्याकाळी तो घाईघाईनं घरी आला, फांदीखाली उभा राहिला, जीभ वळवली, श्वास धरला आणि म्हणाला, "पा... र्रू."

वरून काही हालचाल नाही. तो पुन्हा म्हणाला, "पार्रू!"

पारूनं पानांतून डोकं बाहेर काढलं. "अगंबाई, तुम्ही होय? मला वाटलं, कुणी परका त्याच्या बायकोला हाका मारतोय."

 

मग व्हायचं ते झालं. भर दुपारी टेकडीवरचं गवत हललं. सर्जेरावानं वाघ पाहिला. ओरडायला तोंड उघडलं, आणि त्याला वर्ग आठवला. त्यानं जिभेचं टोक वर नेलं. टाळूला लावलं. मागे वळवलं. "प... प... पळ्ळ..."

तोवर वाघ खाली पोचला होता. बारकी नावाच्या चितळिणीच्या पाठीवर त्याचा पंजा बसला. ती वाचली, पण महिनाभर लंगडत होती.

सर्जेराव तिच्याजवळ जाऊन रडला. "माझं चुकलं. मी 'पला' म्हणायला हवं होतं."

पंचायतीनं निष्कर्ष काढला की उच्चारदोषामुळे अपघात झाला. सर्जेरावाला सावरीवरून उतरवलं आणि त्याच्या जागी शुकानंद पोपटाला बसवलं. शुकानंदाची वाणी अशी की ऐकताना मोरानं पिसारा मिटून घ्यावा. सर्जेराव आणि पारू माळावरच्या एका जांभळीवर राहायला गेले.

आठवड्यानं वाघ पुन्हा आला. शुकानंदानं तो बरोबर हेरला. गळा साफ केला.

"नैर्ऋत्य दिशेकडून व्याघ्र मार्गक्रमण करीत आहे. उपस्थितांनी त्वरित पलायन करावे!"

चितळं माना वर करून ऐकत राहिली.

"काय तो घ्र!" बारकी म्हणाली.

"व्याघ्र म्हणजे कोण गं?" शेजारणीनं विचारलं.

"असतील कुणी पाहुणे. आवाज बघ ना कसा लागलाय!"

"पुन्हा एकदा!" रानडुक्कर ओरडलं. शुकानंदानं पुन्हा एकदा म्हटलं. या खेपेला जरा सावकाश.

तिकडे जांभळीवर सर्जेरावानं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं. "पालू, वाघ!"

"मग ओरडा की!"

"हथतील."

"हसू देत. हसायला जिवंत तर राहतील!"

सर्जेरावानं हात काढले आणि नऊ वर्षांत ओरडला नव्हता एवढ्यानं ओरडला, "पला ले पला! वाघ आला! थगले पला!"

कळपाचे पाय विचार न करता उधळले. अप्पा पळाला, रानडुक्कर पळालं, बारकी तीन पायांवर पळाली. शुकानंद 'मार्ग' म्हणून 'क्रमण' म्हणायच्या आत उडाला. वाघाला मंजुळाबाईंची पाटी तेवढी सापडली. ती त्यानं चावून पाहिली आणि टाकली.

आता तुम्ही म्हणाल, संपली गोष्ट. सगळ्यांना चूक कळली असेल. कळली ना! अप्पानं सभा घेतली. सर्जेरावाला पळसाच्या पानांची शाल घातली. अप्पाच्या डोळ्यांत पानी आलं. मंजुळाबाईंनी भाषण केलं : "ल आणि थ हेच जंगलाचे मूळ उच्चार आहेत. र, ळ आणि स ही शहरातली थेरं. मी पहिल्यापासून हेच सांगत होते."

वडाला नवी पाटी लागली : 'येथे अस्सल बोबडे शिकवले जाईल.' वर्ग तुडुंब भरला. ज्या पिलांना स्पष्ट बोलता येई, त्यांना मागच्या रांगेत उभं केलं. एका साळिंदराच्या पिलाला काही केल्या 'थालिंदल' म्हणता येईना. तोंडून ळ निसटे. ते बिचारं अनोळखी ठिकाणी आपलं नाव सांगेनासं झालं.

राखणदाराची जागा आता रीतसर भरायची ठरली. परीक्षा झाली. शुकानंद पहिला आला. सर्जेराव नापास झाला.

"तुमच्या थ मध्ये कुठेतरी स ऐकू येतो," बाई हळहळल्या. "र सुद्धा डोकावतो अधूनमधून. अभ्यास कमी पडला हो."

 सर्जेराव इतका हसला की फांदीवरून पडता पडता राहिला. पारूचा हात धरून जांभळीवर परत गेला.

आता शुकानंद सावरीवर बसून दिवसभर 'पला ले पला' चा रियाज करतो. वाघ असो वा नसो. कुणी पळत नाही. अधूनमधून टाळ्या पडतात.

पण सकाळचा वर्ग सुटला की बारकी हळूच माळाकडे निघते. तिच्या मागून एकेक चितळ येतं. मग रानडुकरं. शेवटी, कुणी बघत नाही ना हे पाहून, अप्पा. सगळे जांभळीखाली चरायला उभे राहतात.

"इकडचं गवत जरा कोवळं आहे," बारकी म्हणते.

जांभळीखाली गवताची काडीसुद्धा नाही.

तात्पर्य (वहीत लिहून घ्या, लिहिताना उच्चार ऐकू येत नाही) : बोबडं बोलण्यात काही गैर नाही. मात्र ते जन्मजात नसावं, रीतसर शिकलेलं असावं.