दामूभावजींची पानगी

दामूभावजी पानगीवर नट ठेवतात. बोल्टवरचे, लोखंडी. केळीच्या पानाच्या चार कोपऱ्यांना चार, धुऊन, उकळून.

किन्हवलीत त्यांचं घर आमच्या घराला लागून. वाशिंदच्या कारखान्यात फिटर होते. रिटायर झाले आणि पंख्याचा ओव्हन घेऊन आले. तेव्हापासून जगातला प्रत्येक पदार्थ त्यांना त्यात घालायचा असतो. अळूवडी असो की भरली वांगी, मंत्र एकच, "साध्या ओव्हनपेक्षा वीस डिग्री कमी, पाव टाइम कमी." केळीच्या दोन पानांमध्ये तांदळाचं पीठ थापून पहिली पानगी लावली, तर आतल्या पंख्यानं वरचं पान उडवून पिठासकट काचेला चिकटवलं. ते ऐकून मी पोट धरून हसले. दुसऱ्या दिवशी नट आले.

माझं हसू तिथंच संपलं. आमच्याकडच्या सप्त्यात न्याहारीची पानगी पंधरा वर्षं माझी. यंदा मंडळींनी ती परस्पर भावजींना सांगितली. वर आमचे हे म्हणाले, "तेंची पानगी करपत नाय गो." मी दोन दिवस यांच्याशी बोलले नाही. यांच्या ते लक्षातही आलं नाही.

शेवटी विरजणाची वाटी घेऊन मी शेजारी गेले. विरजण हवं होतं कुणाला? मला खोट काढायची होती.

ओव्हन ओट्यावर नव्हताच. शिलाई मशीनच्या बुटक्या टेबलावर होता, आणि समोर खुर्चीत भावजींची बायको, सिंधूवहिनी. अर्धांगवायू झाल्यापासून त्यांचा उजवा हात मांडीवरच असतो. गॅसजवळ त्यांना कोणी जाऊ देत नाही. काचेतून निरखत त्या डाव्या हातानं बटण फिरवत होत्या. भावजी वही घेऊन शेजारी उभे.

"अजून पाच मिनिटं?" त्यांनी विचारलं.

"तीन," वहिनी जड जिभेनं म्हणाल्या. भावजींनी तीन लिहिलं.

मग मला कळलं, भावजी नुसतं पान उचलत-ठेवत होते. पानगी वहिनींची होती.

त्यांनी मला गरम पानगी दिली. मी मुद्दाम सावकाश खाल्ली. खोट सापडली नाही.

"सप्त्याला आमाला बी कायतरी करायचं होतं गो," वहिनी म्हणाल्या. "तू रागावलीस काय?"

"छे," मी म्हटलं. "पानं मी आणून देईन."

घरी आले ती जळतच, पण आता पानगीवरून नव्हे. यांनी चहा मागितला. म्हटलं, आज तुमीच करा.

हे उठले, गॅससमोर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "पेटवतात कसा गो हा?"